झऱ्याचे पाणी वाडीत नळाने आणायचे आहे : दोन वाड्या, मुंबई मंडळ आणि ग्रामपंचायत मिळून करताना काय काय बघावे?

मुक्काम_वाडी :

दक्षिण रायगडातली डोंगरावरची वाडी. घरे ४२, कायम राहणारी माणसे २१०. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की आकडा ३५० पर्यंत जातो. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची टाकी खाली गावठाणात आहे, तिचे पाणी वाडीपर्यंत चढत नाही.

सड्याच्या (डोंगरावरच्या कातळी पठाराच्या) पायथ्याला वनखात्याच्या हद्दीत बारमाही झरा आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात २० लिटरची बादली बरोबर एका मिनिटात भरते. झऱ्यापासून टाकीच्या जागेपर्यंत पाईपाच्या वाटेने अंतर साधारण १,४०० मीटर. टाकीची जागा झऱ्यापेक्षा ३८ मीटर खाली आहे. मध्ये वहाळ (ओढा) ओलांडावा लागतो, तो झऱ्यापेक्षा ५२ मीटर खाली.

अडचण अशी की याच झऱ्याचे पाणी वहाळाने पुढे खालच्या वाडीला जाते. तिथे २५ घरे आहेत. त्यांची विहीर आणि गुरे त्यावरच आहेत. त्यांचा विरोध नाही, पण धास्ती आहे.

मुंबई मंडळ पाईप आणि टाकीचा खर्च उचलायला तयार आहे, वाडी श्रमदान करेल, पंचायत काही निधी देऊ म्हणते. एका ठेकेदाराने ७५ मिमी पाईप आणि २० हजार लिटरची टाकी सुचवली आहे. हे बरोबर आहे का? पाईप, टाकी, झऱ्याचे बांधकाम, परवानगी आणि दोन वाड्यांमधली वाटणी, सगळ्याबद्दल नेमके सांगावे.

---

पाणसळ :

मे महिन्याचे माप घेतलेत हे सर्वांत चांगले केलेत. पुष्कळ योजना डिसेंबरच्या पाण्यावर आखतात आणि एप्रिलात कोरड्या पडतात.

मिनिटाला २० लिटर म्हणजे दिवसाला २८,८०० लिटर. जल जीवन मिशनच्या हिशोबाने माणशी ५५ लिटर धरले तर २१० माणसांना ११,५५० लिटर लागतात. गळती आणि धुण्यापुसण्याचे १५ टक्के धरा, १३,३०० लिटर. म्हणजे झऱ्याचे अर्धे पाणी, १४,४०० लिटर, तुम्हाला पुरते आणि अर्धे खालच्या वाडीला सोडता येते. निम्मे-निम्मे ही वाटणी आकड्यात बसते आहे, म्हणून खालच्या वाडीशी बोलताना तिथूनच सुरुवात करा.

पण चाकरमानी मे महिन्यात येतात आणि झरा सर्वांत कमी असतो तोही मे महिन्यातच. ३५० माणसांना १४,४०० लिटर म्हणजे माणशी ४१ लिटर. पिणे, स्वयंपाक आणि अंघोळ निभते, कपडे आणि गाड्या धुणे निभत नाही. त्या महिन्यात धुणे वहाळावर, हा नियम आधीच ठरवून मंडळाच्या बैठकीत मुंबईला सांगून ठेवा. जुनी विहीर असेल तर ती वापराच्या पाण्यासाठी चालू ठेवा, बुजवू नका.

आता पाईप. ७५ मिमी अजिबात नको. तुमच्या वाट्याचा प्रवाह सेकंदाला ०.१७ लिटर आहे. ४० मिमी एचडीपीई (काळ्या प्लॅस्टिकच्या) पाईपाचा आतला व्यास सुमारे ३५ मिमी. त्यातून एवढे पाणी नेताना १,४०० मीटरमध्ये घर्षणाने जेमतेम २ मीटर उंची खर्च होते आणि तुमच्याकडे ३८ मीटर आहे. ३२ मिमीमध्येही ६ मीटरच जातील, पण गाळ आणि हवा यांना वाट राहावी म्हणून ४० घ्या. ४० मिमीची या उतारावरची क्षमता सेकंदाला पाऊण लिटरच्या वर आहे, म्हणजे पावसाळ्यात हवे तेवढे पाणी मिळेल. ७५ मिमीत पाणी सेकंदाला पाच सेंटिमीटर सरकेल, गाळ तळाशी बसेल आणि हवेचे बुडबुडे पुढे ढकलले जाणार नाहीत. शिवाय एचडीपीईची किंमत वजनावर असते आणि त्याच दाबाच्या ७५ मिमी पाईपाचे वजन ४० मिमीच्या साधारण साडेतीनपट. मंडळाचे पैसे तिथे पुरू नका.

दाब : १० मीटर उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. वहाळापाशी ५२ मीटर, म्हणजे टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर तिथे ५.२ किलो दाब उभा राहील. पीएन ६ (६ किलो दाब सोसणारा) पाईप कागदावर बसतो, पण व्हॉल्व्ह झटकन बंद झाला की बसणारा धक्का त्यात धरलेला नाही. पूर्ण लाईन पीएन ८ घ्या. दोन दर्जाचे पाईप मिसळले की कुठला कुठे टाकला हे दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही. आयएस ४९८४ (एचडीपीई पाईपाचे भारतीय मानक) चा शिक्का आणि पीएन आकडा प्रत्येक गुंडाळीवर वाचून मगच उतरवून घ्या.

टाकी २० हजार लिटरची नको. ताशी ६०० लिटर येणार, ती भरायला ३३ तास लागतील. सकाळच्या तीन तासांत दिवसाच्या निम्मे म्हणजे ५,८०० लिटर उचलले जातात, तेवढ्यात १,८०० लिटर नवे येतात. म्हणजे ४,००० लिटरचा साठा खरा लागतो. ५,००० च्या दोन टाक्या शेजारी शेजारी बांधा आणि प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व्ह द्या. एक धुताना दुसरी चालू राहते. एकच मोठी टाकी असली की वाडीचे पाणी बंद ठेवून धुवावी लागते, आणि मग ती धुतलीच जात नाही.

उंचीचे आकडे कशावरून काढलेत? मोबाईलच्या जीपीएसवरून असतील तर परत मोजा, त्यात दहा-दहा मीटरची चूक सहज येते. २० मीटरची पारदर्शक नळी, पाणी भरून, दोन काठ्या घेऊन टप्प्याटप्प्याने मोजत जा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते, एवढे सांभाळा. वाटेतला प्रत्येक चढ-उतार वहीत लिहा. हवेचे आणि गाळाचे व्हॉल्व्ह कुठे बसवायचे हे त्याच वहीवरून ठरते.

---

वहाळकाठ :

झऱ्याच्या बांधकामाबद्दल. पाणी जास्त मिळावे म्हणून झऱ्यावर उंच भिंत बांधून पाणी तुंबवणे, ही चूक सगळीकडे होते. झऱ्याच्या तोंडावर उलटा दाब आला की पाणी बाजूने दुसरी वाट काढते आणि कुंडी कोरडी पडते. एकदा फिरलेले पाणी परत आणणे फार अवघड. म्हणून कुंडीच्या सांडव्याची पातळी झऱ्याच्या नैसर्गिक तोंडाच्या खालीच हवी, चार बोटे तरी.

सड्यावरचा जांभा पाणी मुरवून घेतो. खाली चिकण मातीचा किंवा घट्ट दगडाचा थर लागला की ते पाणी आडवे चालत पायथ्याला बाहेर पडते. त्यामुळे कुंडीचा तळ त्या घट्ट थराच्या खाली खोदू नका. थर फुटला तर पाणी खाली निघून जाते. सुरुंग तर मुळीच नको, पहार आणि टिकावानेच काम करा.

क्रम असा ठेवा. झऱ्यासमोरची माती, पाला, मुळे काढत मागे कातळापर्यंत जा. आत वेगवेगळे दोन-तीन फुटवे दिसतील. मातीचा तात्पुरता बांध घालून आणि पाईप टाकून पाणी बाजूला काढा, म्हणजे सिमेंट कोरड्यात बसेल. डोंगराकडची भिंत सिमेंट न लावता डबराची रचायची, तिच्या मागे आधी मोठे गोटे, मग खडी. पाणी त्या फटींतून कुंडीत येते. बाकी तीन भिंती आणि तळ पक्के. कुंडी १ मीटर लांब, १ रुंद आणि सव्वा मीटर खोल पुरे, ही साठ्याची टाकी नव्हे.

पाईपाचे तोंड तळापासून १५ सेंटिमीटर वर, त्याला भोके पाडलेली टोपी आणि स्टीलची जाळी. तोंडावर कमीत कमी २० सेंटिमीटर पाणी उभे राहिले पाहिजे, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. तळाला गाळ काढायचा ५० मिमीचा पाईप. सांडव्याच्या तोंडालाही जाळी, नाहीतर बेडूक आणि साप आत. झाकण आरसीसीचे, कडा बाहेर आलेल्या आणि कुलूप. डोंगराकडच्या भिंतीवर वरून ३० सेंटिमीटर चिकण माती धुमसून बसवा, म्हणजे पावसाचे पाणी थेट आत झिरपणार नाही.

वरच्या बाजूला ८ ते १० मीटरवर अर्धगोल चर काढा, तो पावसाचे वाहते पाणी दोन्ही बाजूंना वळवतो. आतल्या भागाला कुंपण. खेकडे कुंडीच्या बाहेरून बांध पोखरतात, त्यामुळे बाहेरच्या पायाशी डबर आणि सिमेंटची पट्टी घाला आणि दर पावसाळ्यानंतर बघा.

आणि सडा सांभाळा. झऱ्याचे पाणी तिथे मुरते. तिथे चिऱ्याची खाण निघाली, शोषखड्डे आले, काजूसाठी सगळी जमीन साफ करून तणनाशक मारले, तर खालची कितीही पक्की कुंडी उपयोगाची नाही. सड्याचा तेवढा भाग राखायचा, हे ग्रामसभेच्या ठरावात आत्ताच लिहून घ्या.

---

जोडकाम :

पाईप टाकण्याचे.

४० मिमी गुंडाळीत मिळतो. १०० मीटरच्या १४ गुंडाळ्या घेतल्या तर मध्ये १३ जोड येतात. कॉम्प्रेशन कपलर (नट आवळून बसवायचे जोड) वापरा. पाईपाचे टोक काटकोनात कापा, कडेला उतार द्या, आत किती जायला हवे तिथे खूण करा आणि खुणेपर्यंत गेल्यावरच नट आवळा. अर्धवट घुसलेला जोड चाचणीच्या दिवशी टिकतो आणि पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. गुंडाळी अंथरण्याआधी उन्हात सैल होऊ द्या आणि चरात थोडी नागमोडी टाका. रात्री पाईप आकसतो, ताणून टाकलेला जोडातून बाहेर येतो.

चर ६० सेंटिमीटर खोल, ३० रुंद. तळाला आणि पाईपावर मऊ माती, टोकदार दगड नको. कातळावर खोदता येणार नाही तिथे पाईप उघडा ठेवू नका. उन्हापेक्षा वणवा वाईट. सड्याचे गवत पेटले की उघडा एचडीपीई वितळतो, आणि मार्च-एप्रिलात वणवे लागतातच. कातळावरच्या भागात पाईपावर दगड-सिमेंटची पट्टी बांधून झाका आणि दोन्ही बाजूंचे गवत दर जानेवारीत काढा.

वहाळावर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप लावून मोकळे होतात, ते पुरेसे नाही. जांभ्यातले पाणी थोडे आंबट असते, जीआय आतून खाते. ८० मिमीचा जीआय पाईप फक्त कवच म्हणून ठेवा आणि त्याच्या आतून एचडीपीई ओवून न्या. कवच दोन्ही काठांच्या पक्क्या कातळाला क्लॅम्पने बांधा, पुराच्या खुणेच्या किमान एक मीटर वर. तेवढी उंची मिळत नसेल तर पात्रातल्या कातळात खाच काढून काँक्रीटखाली गाडा. मधल्या उंचीवर लटकता ठेवला तर जुलैत वाहून येणारा ओंडका घेऊन जातो.

वहाळ हा लाईनीचा सर्वांत खालचा बिंदू आहे. तिथे काठावर टी आणि गाळ सोडायचा व्हॉल्व्ह हवाच, पुरापासून लांब. महिन्यातून एकदा पाच मिनिटे पूर्ण उघडा. ज्या ज्या ठिकाणी लाईन चढून परत उतरते, त्या प्रत्येक उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व्ह. महाग वाटला तर १५ मिमीचा टी आणि साधा कॉक, दगडी पेटीत झाकून. महिन्यातून एकदा हाताने उघडायचा.

लाईन भरताना सावकाश. वरचा व्हॉल्व्ह पाव उघडा, खालचा पूर्ण उघडा, हवेचे सगळे कॉक उघडे ठेवून वरून खाली एकेक बंद करत या. मग टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करून गेज लावा. कुंडी भरलेली असेल तर गेजने ३.८ किलो दाखवलेच पाहिजे. कमी दाखवले आणि काटा स्थिर राहिला तर वाटेत हवा अडकली आहे. काटा हळूहळू उतरत गेला तर गळती. २४ तास तसेच ठेवा, जोडांवर माती तोवर लोटू नका.

आणखी एक. लाईनीची क्षमता पाण्यापेक्षा जास्त असल्याने खालचा व्हॉल्व्ह सताड उघडा ठेवला तर पाईप अर्धा रिकामा धावेल आणि हवा ओढेल. नळातून थुंकल्यासारखे पाणी येते ते यामुळे. नियंत्रण कायम टाकीकडच्या टोकाला करा, झऱ्याकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. टाकीत तरंगता व्हॉल्व्हही बसवा, टाकी भरली की तो आपोआप बंद होतो.

---

मुक्काम_वाडी :

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. जुनी माणसे म्हणतात, झऱ्याचे पाणी इतके नितळ, त्यात औषध कशाला घालायचे? चव बिघडते. दुसरे, खालच्या वाडीला भरवसा कसा द्यायचा? व्हॉल्व्ह आमच्या हातात राहणार असेल तर त्यांची झोप उडणारच.

---

निवळी :

पाणी नितळ आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असे नाही. वहाळकाठ यांनी सांगितलेला जांभा पोकळ असतो. वाळूत जसे पाणी गाळले जाते तसे त्यात होत नाही, भेगांमधून थेट येते. सड्यावर गुरे चरतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत शेणाचे जंतू झऱ्यात येतात. जून-जुलैतली हगवण बऱ्याचदा यातूनच येते. जुन्या माणसांना वादाने नाही, परीक्षेने दाखवा. एचटूएस कुपी मिळते, खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाणी दूषित. मेमध्ये एक आणि पहिल्या पावसानंतर एक, अशा दोन कुप्या वाडीच्या बैठकीत सर्वांसमोर भरा.

बांधकामाआधी प्रयोगशाळेतून पूर्ण तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ती होते, नमुना ग्रामपंचायतीमार्फत पाठवा. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक) प्रमाणे बघायचे ते : पीएच (आम्लतेचे माप) ६.५ ते ८.५, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०० पर्यंत, नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराईड १ पर्यंत, गढूळपणा १ पर्यंत आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य. जांभ्याच्या झऱ्यात टीडीएस फार कमी आणि पीएच ६ च्या आसपास येऊ शकतो. पीएच कमी असेल तर टाकीत शिरण्याआधी चुनखडीच्या खड्यांच्या छोट्या पेटीतून पाणी जाऊ द्या. लोह निघाले तर पाणी टाकीत उंचावरून भोकांच्या थाळीतून पाडा, हवा लागून लोह तळाशी बसते.

आता टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. टाकीत सतत पाणी येत असेल तर सकाळी एकदा पावडर टाकून भागत नाही, दुपारपर्यंत क्लोरीन विरळ होऊन जाते. येणाऱ्या पाण्याबरोबर थेंबथेंब जायला हवे. हिशोब असा : दिवसाला १४,४०० लिटर, लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे २९ ग्रॅम. पावडरीत २५ टक्के क्लोरीन धरले तर ११५ ग्रॅम पावडर. बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची लापशी करा, मग पाणी वाढवा, पंधरा मिनिटे निवळू द्या. वरची निवळ फक्त ४० लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओता आणि पिंप भरून घ्या. खालचा चुना फेकून द्या, तोच नळी तुंबवतो. पिंपातून मिनिटाला २८ मिलिलिटर सुटले की २४ तासांत संपते. पिंपाची तोटी तळापासून पाच सेंटिमीटर वर बसवा. लोखंडी भांडे, लोखंडी तोटी नको. तरंगता व्हॉल्व्ह बंद होऊन पाणी येणे थांबले की थेंबही थांबवायला हवेत, नाहीतर टाकीत क्लोरीन जास्त होते. त्यासाठी जलसुरक्षकाने (गावात पाणी शुद्धीकरण बघणाऱ्याने) सकाळ-संध्याकाळ टाकीवर जाणे आलेच. पावसाळ्यात जास्त पाणी घेतले तर पावडरही त्याच प्रमाणात वाढवा.

तपासणी शेवटच्या घरच्या नळावर करा, टाकीजवळच्या नाही. ओटीचे (क्लोरीन असले की रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून क्लोरोस्कोपच्या (रंग जुळवून क्लोरीन मोजायच्या साधनाच्या) रंगाशी लगेच ताडून बघा, उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि चुकीचा आकडा मिळतो. शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम मिळाले पाहिजे. टाकीजवळ ०.५ असले की साधारण तेवढे उरते. चवीची तक्रार बहुतेक वेळा १ च्या वर गेल्यावर येते, म्हणजे मापाने घातले तर चव बिघडत नाही. मात्र पाणी गढूळ असताना नुसते क्लोरीन वाढवू नका, गढूळपणाच ते खाऊन टाकतो. मोठ्या पावसाच्या दिवशी झऱ्याकडची लाईन काही तास बंद ठेवून साठ्यावर भागवा.

पावडर हवाबंद, कोरड्या, अंधाऱ्या जागी. ती हळूहळू मरते. एकदम वर्षाची घेऊ नका, तीन महिन्यांची घ्या आणि पिशवीवर तारीख लिहा. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये, नमुना प्रयोगशाळेत तपासून मिळतो.

नवी लाईन सुरू करण्याआधी निर्जंतुक करा. १,४०० मीटरच्या ४० मिमी पाईपात सुमारे १,३५० लिटर पाणी मावते. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशोबाने २७० ग्रॅम पावडरीची निवळ लागेल. रात्रभर ठेवा, सकाळी पडीक जमिनीत सोडा. वहाळात सोडू नका, मासे मरतील आणि खालच्या वाडीशी पहिल्याच दिवशी वाकडे येईल.

---

गावकी_हिशोब :

तुमचा दुसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. पाईप कोणीही जोडून देईल. योजना बंद पडतात त्या वाटणीवरून आणि पट्टीवरून.

आधी जागा. झरा वनहद्दीत आहे, म्हणून नुसत्या तोंडी होकारावर खोदाई करू नका. वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाईपलाईन ही सार्वजनिक कामे म्हणून दिली आहेत. अट अशी की वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, तोडायची झाडे हेक्टरी ७५ च्या वर नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. तुमच्या कामाला झाड तोडायची गरजच पडू नये. ग्रामसभेचा ठराव, नकाशावर आखलेली लाईन आणि अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्या, तिथून तो उपवनसंरक्षकांकडे जातो. लाईन जिथे खासगी जमिनीतून जाते तिथे सातबारावरच्या सर्व नावांची संमती घ्या. कोकणात एका सातबारावर पंधरा-वीस नावे असतात, अर्धी मुंबईला. ही कामगिरी मंडळाकडे सोपवा, सह्या गोळा करायला त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. टाकीची जागा मात्र संमतीवर घेऊ नका, ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. पुढच्या पिढीने टाकीला कुलूप लावल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पैसे. मंडळाने रोख रक्कम देऊ नये, साहित्य घेऊन द्यावे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या साठा वहीत ते नोंदवले जावे आणि बिलाची प्रत वाडीच्या फळ्यावर लागावी. समितीत निम्म्या महिला असतात, त्यातल्या दोघी तुमच्या वाडीतल्या आणि एक खालच्या वाडीतली असेल असे बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित (ठरावीक कामांसाठीच) आणि त्याचा निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी होता. तो आयोग २०२१ ते २०२६ साठीचा, म्हणून शिल्लक किती आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. त्यातून टाक्या आणि कुंडी, मंडळाकडून पाईप, वाडीकडून खोदाई, अशी वाटणी केली तर हिशोब एकमेकांत अडकत नाहीत.

श्रमदानाचे माप लांबीवर ठरवा, दिवसांवर नको. खोदता येण्याजोगी लांबी ९०० मीटर धरली तर घरटी २१ मीटर येते. मातीत आणि मुरमात एक माणूस दिवसाला सहा मीटर खोदतो, म्हणजे घरटी साडेतीन-चार दिवस. एकट्या म्हाताऱ्या माणसांची आणि विधवांची घरे वगळा, त्यांची लांबी बाकीच्यांत वाटा. शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा आखणी आणि खोदाई, मे महिन्यात पाईप आणि चाचणी. कुंडीचे काम मात्र मेमध्येच, पाणी सर्वांत कमी असताना.

पट्टी. देखभाल करणाऱ्याला महिना २,०००, टीसीएल आणि तपासणी ३००, दुरुस्तीसाठी राखीव ७०० धरा. ३,००० भागिले ४२ म्हणजे ७१ रुपये. थकबाकी गृहीत धरून ८० ठेवा. मुंबईत राहणाऱ्यांच्या बंद घरांनीही पूर्ण पट्टी भरायची, कारण ती घरे मेमध्ये उघडतात तेव्हाच पाण्यावर सर्वांत जास्त ताण असतो. नारळ-पोफळीला नळाचे पाणी नाही आणि नळाला थेट मोटर नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी लिहून, दंडासकट.

---

पाणसळ :

खालच्या वाडीच्या भरवशाबद्दल. वाटणी व्हॉल्व्हने करू नका, ती खाचेने करा, म्हणजे कोणाच्याही हातात काही राहत नाही.

झऱ्याच्या कुंडीनंतर एक वाटप कुंडी बांधा. तिच्यात स्टीलची उभी पट्टी, पट्टीत ३० मिमी रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल अशा दोन सारख्या खाचा, दोन्हींचा तळ एकाच पातळीत. एका खाचेतले पाणी तुमच्या पाईपाच्या कप्प्यात पडते, दुसरीतले वहाळात. पाणी वाढो की घटो, दोघांना निम्मेच. मेच्या पाण्यात खाचेवर सुमारे २१ मिमी पाणी चढेल. त्यात एका खाचेचा तळ १ मिमी वर-खाली झाला तर ७ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून पट्टी पाणी सोडून, दोन्ही वाड्यांच्या माणसांसमोर पातळीत बसवा आणि मग काँक्रीट करा. खाच जास्त रुंद ठेवू नका, पाण्याचा थर पातळ होतो आणि चूक वाढते.

पट्टीच्या आधी एक आडवी भिंत घालून पाणी शांत करून घ्या, नाहीतर प्रवाह एका बाजूला झुकतो. तुमच्या कप्प्याला सांडवा द्या, खाचेच्या तळापेक्षा पाच सेंटिमीटर खाली, आणि तो वहाळाकडे वळवा. तुमची टाकी भरली, तरंगता व्हॉल्व्ह बंद झाला, की तुमच्या वाट्याचे उरलेले पाणीही खालच्या वाडीलाच जाईल. रात्री बहुतेक वेळ असेच होईल. हे त्यांना प्रत्यक्ष बादली लावून दाखवा.

---

मुक्काम_वाडी :

खाचेची कल्पना खालच्या वाडीच्या बैठकीत मांडतो. आणखी एकच : एखाद्या वर्षी झरा निम्म्यावर आला, मिनिटाला दहा लिटर, तर? तेव्हाही निम्मे-निम्मेच ठेवायचे का?

---

गावकी_हिशोब :

तेव्हा तुम्हाला दिवसाला ७,२०० लिटर मिळतील. २१० माणसांना माणशी ३४ लिटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला पुष्कळ आहे, म्हणून वाटणी मोडायची नाही, वापर कमी करायचा. करारात तीन टप्पे आधीच लिहा. मिनिटाला १५ लिटर किंवा जास्त असेल तोवर नेहमीचा पुरवठा. १५ च्या खाली गेले की धुणे वहाळावर आणि सकाळी एकच वेळ पाणी. १० च्या खाली गेले की घरटी मोजून हंडे आणि दोन्ही वाड्यांच्या गुरांना एकाच कुंडावर पाणी. जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी बादली लावून माप घ्यायचे, तिथे दोन्ही वाड्यांचा एकेक माणूस हजर हवा आणि आकडा दोन्हीकडच्या फळ्यावर लिहायचा. करारावर दोन्ही वाड्यांच्या प्रमुखांसोबत सरपंच आणि मंडळाच्या अध्यक्षांची सही घ्या आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तो जसाच्या तसा नोंदवा. खोदाईची पहिली कुदळ त्यानंतर.

---

वहाळकाठ :

त्याच पंधरवड्याच्या मापासोबत पावसाचीही नोंद ठेवा. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवता येते, मुले रोज सकाळी साडेआठला वाचतील. दोन-तीन वर्षांचे आकडे जमले की ऑक्टोबरच्या अखेरीस झऱ्याचे माप बघून मेमध्ये किती पाणी उरेल याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज दिवाळीतच मुंबईला कळवला तर मे महिन्याचे नियोजन मंडळाला वेळेत करता येईल.